स्नेअर आणि टॉमचा टणत्कार आवरायचा आहे: जुन्या स्किनची रिंग, टेप-टिश्यू की टॉवेल?

ड्रमकिटमधल्या स्नेअरवर (खालच्या स्किनला तारा लावलेला ड्रम) किंवा टॉमवर (तारा नसलेला ड्रम) ठोका पडल्यानंतर जो उंच, धातूसारखा टणत्कार मागे रेंगाळतो, तो आवरण्यासाठी दुकानात जेलचे डॅम्पर, म्हणजे स्किनवर चिकटवून कंपन दाबणारे तुकडे, मिळतात; परंतु घरी करता येण्याजोगे तीन उपाय त्यांच्या तोडीस तोड काम देतात. जुन्या स्किनमधून (ड्रमच्या पडद्यातून) कापलेली रिंग, टेपने लावलेली टिश्यूची घडी आणि स्किनवर पसरलेला सुती टॉवेल हे ते तीन उपाय होत. तिन्हींचा खर्च नगण्य असल्यामुळे निवड किमतीवर ठरत नाही. ड्रमच्या आवाजातले काय ठेवायचे आणि काय घालवायचे यावर ती ठरते, आणि या बाबतीत तिघांची कामगिरी एकमेकांपासून बरीच वेगळी आहे.

हा टणत्कार म्हणजे ओव्हरटोन, मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर. सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल पडद्याचे ओव्हरटोन मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. आदर्श पडद्यावर ते मूळ कंपनाच्या सुमारे 1.59, 2.14, 2.30 पट असे आडनिडे असतात, आणि म्हणूनच त्यांचा कानाला स्वर न लागता नुसती घणघण ऐकू येते. तबला आणि मृदंगावर हा प्रश्न शाईने सोडवलेला आहे. तिच्या भारामुळे ओव्हरटोन जवळजवळ पूर्ण पटींत येऊन बसतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये मांडले. ड्रमकिटच्या प्लास्टिक स्किनला अशी सोय नसल्यामुळे ओव्हरटोन सुरात आणण्याऐवजी लवकर विझवण्याचा मार्गच आपल्या हाती उरतो. डॅम्पर कुठे ठेवायचा, हेही याच कंपनांवरून समजते. मूळ स्वरात स्किन मध्यावर सर्वांत जास्त हलते आणि कडेकडे ती हालचाल ओसरत जाते. त्रास देणारे बहुतेक ओव्हरटोन मात्र मध्यावर जवळजवळ स्थिर असतात आणि मध्यापासून कडेच्या अर्ध्या अंतरावर किंवा त्याच्याही बाहेर जोरात हलतात. त्यामुळे कडेजवळचा भार ओव्हरटोनला जास्त आणि मूळ स्वराला कमी झळ पोहोचवतो, तर मध्यावरचा भार आधी मूळ स्वरच खातो.

एक काम मात्र यांपैकी कोणताही उपाय करत नाही, ते म्हणजे सुरात लावण्याचे. स्किनचा ताण सर्व बाजूंनी सारखा नसेल, तर एकच ओव्हरटोन दोन जवळजवळच्या स्वरांत फुटतो आणि ठोक्यामागे ‘वाँव-वाँव’ अशी लहर ऐकू येते. प्रत्येक लगसमोर (ताणाचा स्क्रू जिथे बसतो तिथे), रिमपासून म्हणजे स्किन धरून ठेवणाऱ्या कड्यापासून साधारण इंचभर आत, काठीच्या टोकाने हलके टिचकावत सगळीकडे एकच स्वर येईपर्यंत ड्रम की (स्क्रू फिरवण्याची चावी) फिरवावी आणि खालच्या स्किनलाही हाच न्याय लावावा. त्यानंतर जे उरेल तेवढ्यासाठीच डॅम्पर करावा. पुष्कळदा उरलेले इतके थोडे असते की, विचार केला होता त्याच्या निम्म्या डॅम्परवर भागते. टॉम वाजवताना स्नेअरच्या तारा झणझणत असतील तर तो प्रश्नच वेगळा आहे, त्यावर डॅम्पर लावून उपयोग नाही.

स्नेअरसाठी माझी पहिली पसंती रिंगला आहे. ती सबंध कडेने सारखी बसत असल्यामुळे ओव्हरटोन कोणत्याही दिशेने हलला तरी तिच्या तावडीतून सुटत नाही, मूळ स्वर बराचसा शाबूत राहतो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती क्षणात काढता किंवा ठेवता येते. वाजवून मध्यभागी खड्डे पडलेली स्किन यासाठी चालते, कारण तो भाग टाकूनच द्यायचा असतो. मात्र 14 इंची स्किनचा सपाट भाग कडेच्या वाकामुळे 14 इंचांहून थोडा कमी भरतो, आणि त्यातून निघालेली रिंग स्नेअरवर किंचित सैल बसून इकडेतिकडे सरकते. फ्लोअर टॉमची (जमिनीवर पायांवर उभ्या मोठ्या टॉमची) जुनी 16 इंची स्किन मिळाली, तर रिमच्या आत नेमकी बसणारी, सुमारे पावणेचौदा इंच व्यासाची रिंग कापता येते. आतले वर्तुळ आखायला स्वयंपाकघरातले 11 इंची ताट उत्तम, कारण त्यामुळे रुंदी सव्वा ते दीड इंचाच्या मध्ये राहते. खाली जाड पुठ्ठा घेऊन पेपर कटरने एकाच दमात न कापता त्याच रेषेवरून तीन-चार वेळा हलका हात फिरवावा, आणि कापलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावी. रिंग ड्रमवर ठेवून वाजवून पाहावे आणि आवाज जास्तच सुका वाटला तर आतून पाव-पाव इंच कमी करत जावे. रुंद रिंग अरुंद करता येते, अरुंद झालेली रुंद करता येत नाही. शक्यतो एकपदरी स्किनच घ्यावी, कारण दुपदरी स्किन कापल्यावर तिचे पदर सुटे होतात आणि एकमेकांवर फडफडतात.

रिंगचे दोष दोन. ती पूर्ण सपाट नसेल तर प्रत्येक ठोक्याला टिकटिकते, आणि त्यासाठी तिला दोन-तीन ठिकाणी टेपचा छोटा तुकडा लावून धरावे लागते. दुसरा दोष ब्रशने वाजवणाऱ्यांसाठी गंभीर आहे: खरखरीत लेपाच्या स्किनवर ब्रश गोल फिरवताना तो रिंगच्या कडेला अडतो आणि सरसर तुटते.

टेप-टिश्यूचा उपाय दिसायला सामान्य असला, तरी टॉमवर मी रिंगपेक्षा त्यालाच वर ठेवतो. टॉमचा लांबणारा स्वर हेच त्याचे वैभव असते, आणि सबंध कडेने बसलेली रिंग ते गरजेपेक्षा जास्त कापते. टिश्यूची चार पदरी, साधारण दोन इंची चौकोनी घडी रिमपासून बोटभर आत ठेवावी आणि तिची फक्त रिमकडची एक बाजू टेपने चिकटवावी. उरलेली बाजू बिजागरीसारखी मोकळी सोडावी. ठोका पडताच घडी उचलली जाते, त्या पहिल्या क्षणी स्किन मोकळेपणी बोलते, आणि घडी परत खाली बसली की शेपूट छाटले जाते. चारी बाजूंनी चिकटवलेल्या टेपने हा परिणाम कधीच मिळत नाही. एका घडीने भागले नाही तर दुसरी पहिलीच्या अगदी समोर लावू नये, कारण पहिलीने ओव्हरटोनची जी हालचाल दाबली, तीच बहुतांशी दुसरीही दाबते आणि आडव्या दिशेची हालचाल मोकळीच राहते; वर्तुळाच्या साधारण एक षष्ठांश अंतरावर दुसरी लावल्यास दोन्ही प्रमुख ओव्हरटोन सापडतात. टेप निवडताना कापडी गॅफर टेप घ्यावी. पॅकिंगची खाकी टेप उन्हात आणि दमट हवेत चिकट थर मागे सोडते. गॅफर टेप हाताशी नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी मायक्रोपोर पट्टी एखाद्या तालमीपुरती पुरते आणि डागही ठेवत नाही.

टॉवेलचा विचार या दोघांबरोबर एका रांगेत करणेच चुकीचे आहे, कारण तो सबंध स्किनवर बसतो आणि ओव्हरटोनबरोबर मूळ स्वर, लांबी आणि काठीची उसळी हे सगळेच कमी करतो. उरतो तो बुटका, जाड ‘थप्’ असा ठोका. बीटल्सच्या उत्तरकाळात रिंगो स्टारने ड्रमवर चहाचे टॉवेल टाकून हाच ठोका ध्वनिमुद्रित करवला, आणि आजही कोणाला तो जुना, दबका आवाज हवा असेल तर दुसरा कोणताही उपाय त्याच्या जवळपास पोहोचत नाही. पातळ, धुऊन मऊ झालेला सुती टॉवेल घ्यावा आणि सबंध स्किन झाकण्याआधी एक तृतीयांश झाकून ऐकावे. टर्किशचा जाड टॉवेल स्नेअरच्या घोस्ट नोट्स (मुख्य ठोक्यांमधले अगदी हलके ठोके) पूर्ण गिळतो. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांसाठी म्हणून टॉवेल टाकणाऱ्यांना मात्र सांगावेसे वाटते की त्याने ड्रम दबतात, सिंबल (धातूच्या थाळ्या) आणि किक (पायाच्या पेडलने वाजणारा मोठा ड्रम) तशाच राहतात.

किक ड्रमसाठी यांपैकी काहीच लागत नाही. आत गुंडाळून ठेवलेली एखादी चादर दोन्ही स्किनना जेमतेम टेकली तरी पुरे. उशांनी पोट भरले की पेडलखालचा दमही जातो.

निर्णय करताना कुठून ऐकायचे आहे, हा प्रश्न आधी विचारावा. ओव्हरटोन सर्वांत मोठा ऐकू येतो तो वाजवणाऱ्याला. दहा पावलांवर त्यातला बराचसा विरतो, आणि गिटार-कीबोर्ड सुरू झाले की उरलेलाही झाकला जातो. म्हणून मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात, किंवा माइक न लावलेल्या छोट्या हॉलमध्ये, मी स्नेअरवर अरुंद, इंचभर रुंदीची रिंग ठेवून टॉम मोकळे सोडण्याचा सल्ला देईन. जवळ माइक लावून ध्वनिमुद्रण करायचे असेल तर टणत्कार माइकमध्ये जसाच्या तसा शिरतो. तिथे स्नेअरवर रुंद रिंग आणि प्रत्येक टॉमवर एकेक बिजागरीची घडी लावावी, आणि हेडफोनवर संपूर्ण गाण्याबरोबर ऐकूनच दुसऱ्या घडीचा विचार करावा. ब्रशवर वाजणाऱ्या संथ गाण्यात रिंग काढून स्नेअरवरही एकच छोटी घडी लावावी, तीही हाताच्या फेऱ्यात न येणाऱ्या, म्हणजे वाजवणाऱ्यापासून सर्वांत लांबच्या कडेला.