कानशिलावरची ठोके देणारी गाठ : ग्लू आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांचा अनुभव

डोक्याला मार लागल्यानंतर आलेली गाठ ठोके देत असेल, तर तिला कुणालाही सुई लावू देऊ नका. पाणी किंवा पू समजून टोचली तर धमनीचं रक्त उसळतं. बाकीचं नंतर, हे आधी.

माझी गाठ स्कूटरवरून पडल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी वर आली. टाके कधीच सुकले होते, तेव्हाचा सीटी स्कॅनही नॉर्मल होता, म्हणून त्या माराशी तिचा संबंध घरात कुणी जोडला नाही. आमच्या डॉक्टरांनी गाठीवर बोट ठेवलं, मग कानापुढची धमनी दाबून धरली. ठोके थांबले, गाठ मऊ पडली. त्यांनी लगेच डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लिहून दिली.

अशा गाठीत बहुधा माराने धमनी आणि शेजारची शीर दोन्ही फाटतात, आणि भरून येताना एकमेकींना जोडल्या जातात. मधल्या केशवाहिन्या वगळून जोराचं रक्त थेट शिरेत शिरतं आणि ती फुगत जाते. त्या कुशीवर झोपलं की नाडीच्या तालावर घूं-घूं ऐकू यायचं. दुखण्यापेक्षा त्या आवाजाने जास्त छळलं.

जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र घेणारी तपासणी) झाली, त्यातच ग्लू, म्हणजे रक्तवाहिनीत घट्ट होणारा वैद्यकीय गोंद, सोडून धमनी-शिरेचा जोड बंद केला आणि नंतर गाठ कापून काढली. नुसती धमनी बांधून का भागत नाही, हे मी विचारलं होतं. आजूबाजूच्या धमन्या तिथे नवी वाट काढतात आणि गाठ पुन्हा भरते, म्हणून जोडच जायला हवा. ग्लूऐवजी ओनिक्स नावाचं तसंच एक द्रव्यही वापरतात. त्यात टँटलम या धातूची पूड असल्याने ते काळं असतं, आणि पातळ त्वचेखाली डाग दिसू शकतो. कपाळाजवळची गाठ असेल तर हे आधी विचारून घ्या.

आवाज पहिल्याच रात्री गेला, तो अजून आलेला नाही. त्यासाठी मी हे सगळं पुन्हा करेन. कापलेल्या रेषेच्या वर मात्र अजून बधिर आहे, केस विंचरताना मुंग्या येतात. उरलेल्या ग्लूचा एक कडक खडा हाताला लागतो. व्रणावर केस नाहीत, पण आजूबाजूचे झाकून घेतात. हेल्मेट जुन्या मापाचं कानशिलावर दाबायचं, डॉक्टरांना विचारून एक माप मोठं घेतलं.

विम्याच्या वेळी ‘ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आहे का’ असं विचारलं गेलं, तेव्हा अपघाताचा जुना केसपेपर आणि टाक्यांची नोंद कामी आली. असे कागद जपून ठेवा.