पपेटिअर: नेपथ्याला टाळी, सूत्रधाराला जरा आवर

हौशी नाटकांत मी नेपथ्य सांभाळते. ब्लॅकआउटमध्ये फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या रंगवलेल्या चौकटी, उचलून पळायचं आणि दिवे यायच्या आत विंगेत दिसेनासं व्हायचं, हे काम. त्यामुळे ‘पपेटिअर’ मी गेमरपेक्षा बॅकस्टेजवालीच्या नजरेने खेळले, हे आधीच सांगून टाकते.

सोनीच्या जपान स्टुडिओने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ साठी काढलेला हा गेम. सगळा खेळ एका रंगमंचावर घडतो. सात अंक, प्रत्येक अंकात तीन प्रवेश. पडदा उघडतो, स्पॉट पडतो, न दिसणारे प्रेक्षक हसतात, दचकतात, टाळ्या देतात. गोष्ट अशी: चंद्रदेवतेची सत्ता बळकावलेला अस्वलराजा पोरांचे आत्मे पळवतो आणि त्यांच्या लाकडी बाहुल्या करतो. त्यातल्याच कुटारो नावाच्या पोराचं डोकं तो खाऊन टाकतो. बिनडोक्याच्या कुटारोला कॅलिब्रस नावाची जादूची कात्री मिळते, आणि राजाचे बारा सेनापती त्याच्यासमोर उभे ठाकतात. सेनापती म्हणजे चिनी राशीचक्रातले उंदीर, बैल, वाघ वगैरे मंडळी.

आता नेपथ्य. इथे मी अक्षरशः कंट्रोलर खाली ठेवून बघत बसले. इतर प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या खेळांत, हिरो उजवीकडे पळत राहतो आणि देखावा मागे सरकतो. इथे बऱ्याचदा हिरो जागेवर आणि सेट बदलतो. फळ्या उलटतात, झाडं जमिनीतून उगवतात, अख्खा किल्ला घडी घातल्यासारखा मिटतो आणि त्या जागी समुद्र येतो. लाटा रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या वाटतात, आणि तशाच वाटायला हव्यात. दिग्दर्शक गॅव्हिन मूर यांनी सांगितलं होतं की त्यांचा मुलगा गेम खेळता खेळता कंटाळून उठून गेला, तेव्हा सतत बदलणाऱ्या रंगमंचाची कल्पना सुचली. जपानच्या बुनराकू बाहुलीनाट्याचाही त्यामागे हात आहे. एक सेट बदलायला आम्हाला चार माणसं आणि लांबलचक पार्श्वसंगीत लागतं, इथे दर दोन मिनिटांनी नवा. जळफळाट झाला, काय सांगू.

कात्रीही झकास. कापड, पानं, धूर, शत्रूचा झगा, जे दिसेल ते कापायचं, आणि कापत कापतच हवेत पुढे सरकायचं. जहाजाचं शीड कापत वर चढताना हातांना जी लय सापडते, ती अख्ख्या खेळात दुसरीकडे कुठे सापडत नाही. पुढे ढाल, बॉम्ब वगैरे मिळतात, पण माझं मन कात्रीतच अडकलं.

डोक्यांचा मामला मात्र फसलेला. कुटारो एका वेळी तीन डोकी बाळगू शकतो: कवटी, कोळी, चक्क बर्गरसुद्धा. मार बसला की डोकं घरंगळतं, आणि ते काही सेकंदांत धावत जाऊन उचलायचं. इथवर मजा आहे. पण डोकं बदलल्याने कुटारोच्या अंगी वेगळं काहीच येत नाही. ठरावीक जागी ठरावीक डोकं वापरलं की एखादं गुपित किंवा बोनस उघडतो, बस्स. कोळ्याचं डोकं लावून भिंतीवर चढता येत नसेल तर ते नट मेकअप करून नुसता विंगेत उभा केल्यासारखं आहे.

आणि तो सूत्रधार! आवाज भारदस्त, भाषा खट्याळ, पहिल्या अंकात मी खूप हसले. पण तो गप्प बसत नाही. उडी मारायच्या ऐन वेळी त्याचा शेरा, त्यावर साथीदार पिकारिनाचा टोमणा, वर प्रेक्षकांचा हशा. मुलगा कंटाळेल ही जी धास्ती सेटच्या कामी आली, तीच संवादांच्या मुळावर उठली असा मला संशय आहे. नाटकात पॉझ लागतो हो! पॅट्रिक डॉइल यांचं वाद्यवृंदाचं संगीत इतकं सुंदर आहे, ते तरी दोन मिनिटं निवांत ऐकू द्यायचं. मोठ्या लढायांच्या शेवटी तर पडद्यावर दिसेल ते बटण दाबत राहायचं. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात खेळणाराच प्रेक्षक होऊन बसतो.

अवघड म्हणाल तर फार नाही, लाइफ भरपूर मिळतात. उड्यांचा अंदाज अधूनमधून चुकतो, पण चिडचीड होण्याइतका नाही.

बाजारात आल्यानंतर आठवड्याभरातच ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा गाजावाजा झालेला गेम आला. त्या गोंगाटात पुठ्ठ्याच्या चंद्राकडे कोण बघणार?

डिस्क प्लेस्टेशन ४ किंवा ५ वर चालत नाही, तेव्हा कुणाच्या माळ्यावर जुनं प्लेस्टेशन ३ असेल तर उतरवून घ्या. शक्यतो दोघांनी खेळा. दुसऱ्याच्या हाती पिकारिना येते, आणि ती सेटमधल्या वस्तू चाचपत फिरते. माझ्या भाच्याने तेवढंच काम मागून घेतलं. मी शत्रू कापत होते आणि तो प्रत्येक भोपळा उघडून बघत होता. दोन प्रवेशांच्या वर एका बैठकीत खेळू नका, नाहीतर सूत्रधार डोक्यात जातो.