जुन्या गाडीत अँड्रॉइड ऑटो : नऊ महिने वापरल्यावर

माझी गाडी २०१२ सालची. इंजिन ठणठणीत, क्लच आजवर एकदाच बदललाय, पण डॅशबोर्डवरचा स्टिरिओ सीडीच्या जमान्यातला. फोनवरचे नकाशे, गाणी आणि कॉल गाडीच्या पडद्यावर आणणारी कारप्ले (आयफोनसाठी) आणि अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) ही दोन्ही २०१४ मध्ये जाहीर झाली, म्हणजे आमची चुकामूक दोन वर्षांनी झाली. तेव्हापासून काचेला चिकटवलेला मोबाइल होल्डर आणि लायटरच्या सॉकेटात खोचलेला, फोनवरचं गाणं गाडीच्या रेडिओवर ऐकवणारा एफएम ट्रान्समीटर यांवर दिवस काढले. ऊन तापलं की होल्डरचा रबरी कप सुटायचा आणि ऐन वळणावर फोन मांडीवर यायचा. ट्रान्समीटरला मोकळी फ्रिक्वेन्सी सापडेपर्यंत निम्मा रस्ता संपायचा, आणि सापडली तरी गाण्यामागे फोडणीसारखी चरचर चालूच.

शेवटी नऊ महिन्यांपूर्वी ते सगळं काढलं आणि सात इंची टचस्क्रीन बसवली. घेताना खोक्यावरचं जे जे वाचून बघितलं होतं, त्यातलं निम्मं आज आठवतही नाही. ज्याचा विचारही केला नव्हता त्याच्याशी मात्र रोज गाठ पडते.

बाजारात साधारण दोन जातींची युनिट मिळतात. पहिलीत आतच अख्खं अँड्रॉइड असतं. टॅबलेटच म्हणा: स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम, स्वतःची ॲप. दुसरी जात बिनडोक. तिला स्वतःला रेडिओ आणि ब्लूटूथपलीकडे फारसं काही येत नाही. फोन जोडला की त्याचं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले पडद्यावर दाखवायचं आणि बोट कुठे टेकलं ते फोनला कळवायचं, एवढंच तिचं काम. मी ही बिनडोक जात घेतली. मित्राच्या गाडीत पहिली आहे. नवी होती तेव्हा आम्ही सगळे हेवा करायचो. आता किल्ली फिरवल्यावर ती जागी होईपर्यंत हा कॉलनीच्या गेटबाहेर पोचलेला असतो आणि नकाशा उघडला की गाणं अडखळतं. फोन मी तीन-चार वर्षांनी बदलतोच, तेव्हा डोकं फोनमध्येच राहू दे आणि गाडीत फक्त काच आणि आवाज असू दे, असा माझा हिशेब होता. तो बरोबर ठरला.

याचा पुरावा पहिल्याच दिवशी मिळाला. माझे फोनमधले निम्मे नंबर देवनागरीत सेव्ह केलेले आहेत. युनिटच्या स्वतःच्या ब्लूटूथ स्क्रीनवर फोनबुक उघडलं तर ‘आई’ म्हणजे दोन रिकामे चौकोन, ‘मोठे काका’ म्हणजे चौकोनांची आगगाडी. त्यात देवनागरीचा फाँटच नाही. अँड्रॉइड ऑटो चालू केलं की तीच नावं स्वच्छ दिसतात, कारण तो पडदा फोन रंगवतो, युनिट नाही. युनिट बनवणाऱ्याला मराठी येतं का, हा प्रश्नच मिटला.

आता बसवण्याबद्दल. यात मी पोळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॅशबोर्डमधला खण ठरावीक मापाचा असतो. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० गुणिले ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० गुणिले १००. माझ्या गाडीत डबल डिन होता, त्यामुळे सात इंची युनिट नीट आत बसलं. नऊ-दहा इंची बाहेर तरंगणारे पडदे दिसायला भारी, पण माझ्या गाडीत त्यामागे एसीचे व्हेंट आणि हझार्डचं बटण झाकलं गेलं असतं. घ्यायच्या आधी पुठ्ठा त्या मापाचा कापून डॅशबोर्डला लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांच्या गाडीत एसीची सेटिंग स्टिरिओच्याच पॅनलवर आहेत, त्यांनी आधी चौकशी करावी, तिथे प्रकरण वेगळं असतं.

खरी गोष्ट वायरींची. स्टिरिओला दोन प्रकारे बारा व्होल्ट लागतात. पिवळी वायर कायम चालू, थेट बॅटरीवरून. घड्याळ, स्टेशनं, जोडलेले फोन हे सगळं लक्षात ठेवायला ती लागते, आणि युनिट मुख्य करंटही तिच्यातूनच खेचतं. लाल वायर किल्लीवर चालते. किल्ली फिरवली की ती युनिटला सांगते, ऊठ. काळी अर्थची. आता माझ्या गाडीच्या सॉकेटमध्ये पिवळी-लालच्या जागा नेमक्या उलट्या. बसवल्यावर सगळं चाललं, पण किल्ली काढली की युनिट सगळं विसरून जायचं. रोज सकाळी नवी ओळख, नवं पेअरिंग. परत घेऊन गेलो तर बसवणाऱ्याने पाच मिनिटांत ‘दुरुस्त’ करून दिलं. आता ते विसरेना, पण किल्ली काढल्यावर बंदही होईना. “साहेब, ही युनिटं अशीच असतात. उतरताना पॉवरचं बटण दाबून ठेवायचं, स्क्रीन जाते.” मी मान डोलावली. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तीन आठवड्यांनी चार दिवस बाहेरगावी गेलो. परत येऊन किल्ली फिरवली तर फक्त टिक. दुसऱ्यांदा तेवढीही नाही. जंप देऊन गाडी चालू केली आणि त्या संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मीटर दहा अँपिअरवर लावून वायर आणि टर्मिनलच्या मधे जोडला, दारं लावून पाचेक मिनिटं थांबलो. ०.४२ अँपिअर. उभ्या, कुलूपबंद गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत हवा. ०.४२ म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर, आणि माझी बॅटरी ४५ ची. चार दिवसांचा हिशेब तिथेच जुळला. (मीटर मधे जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका. मी सवयीने मारला. मीटरचा फ्यूज शहीद झाला.)

दुसऱ्या एका वायरमनकडे गेलो. त्याने युनिट बाहेर ओढलं, टेपची गुंडाळी सोडवली आणि मला बोटाने दाखवलं: पिवळी आणि लाल एकत्र पिळून दोन्ही कायम चालू वायरीला बांधलेल्या. स्क्रीन काळी दिसायची, आतलं सगळं रात्रभर जागं. त्याने सॉकेटमधल्या पिना तपासून दोन्ही आपापल्या जागी लावल्या, सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. दहा मिनिटं. आता मीटर ०.०२ दाखवतो. तुम्ही बसवून घेणार असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी किल्ली काढून बघा. युनिट आपोआप बंद व्हायला हवं आणि पुन्हा लावल्यावर सगळं लक्षात असायला हवं. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तर तिथून हलू नका.

त्याच बैठकीत आणखी दोन वायरी निघाल्या. नारिंगी वायर जोडलेलीच नव्हती. ती हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद करते. ती नसल्यामुळे रात्री डॅशबोर्डवर ट्यूबलाइट लावल्यासारखं व्हायचं. दुसरी हँडब्रेकची. ती न विचारता अर्थला जोडून टाकली होती, म्हणजे गाडी चालत असतानाही युनिटवर व्हिडिओ दिसावेत. मला ते नको होतं, ती खऱ्या स्विचला नेऊन जोडली.

मग माइक. युनिटच्या कडेला टाचणीएवढं भोक असतं, तो आतला माइक. त्यावरून बोललो की समोरचा पहिलं वाक्य हेच म्हणायचा: “विहिरीतून बोलतोयस का?” खोक्यात बाहेरचा माइक आला होता, तो मी आधी स्टिअरिंगच्या कॉलमवर चिकटवला. तिथे एसीचा झोत थेट त्यावर, आणि इंडिकेटरची टकटक माझ्या आवाजापेक्षा मोठी. शेवटी एका रविवारी जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन वायर काचेशेजारच्या खांबाच्या पट्टीत दाबत दाबत वर नेली आणि माइक सनव्हायझरच्या शेजारी, तोंडापासून हातभर अंतरावर लावला. बहिणीला फोन करून विचारलं तर म्हणाली, “तू घरीच आहेस ना?” नऊ महिन्यांत सर्वांत मोठा फरक कशाने पडला असेल तर या सुपारीएवढ्या माइकने. ज्यांच्या गाडीत पडदा एअरबॅग (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे त्यांच्या त्याच खांबात ती असते, त्यांनी माझ्यासारखं स्वतः कार्ड खुपसू नये.

वायरलेस की वायर? दोन्ही. वायरलेसमध्ये ब्लूटूथ ओळख पटवतं आणि कॉल सांभाळतं, नकाशा-गाणी हा बाकीचा माल वायफायवरून जातो. किल्ली फिरवल्यापासून नकाशा येईपर्यंत माझ्याकडे वीस-पंचवीस सेकंद लागतात. भाजी आणायला जाताना फोन खिशातून काढावा लागत नाही, हे सुख आहे. पण तासाभरापेक्षा लांब जायचं असेल तर मी वायरच लावतो, कारण वायफाय, जीपीएस आणि ऊन मिळून फोन इतका तापतो की हातात धरवत नाही, आणि बॅटरी डोळ्यांसमोर उतरते. वायरीतही मी गंडलो. पहिली ड्रॉवरमधली होती. तिने चार्जिंग व्हायचं, पण गाडीला फोन दिसायचा नाही, कारण आत डेटाच्या तारा नव्हत्याच. दुसरी लांबलचक, तिच्यावर प्रत्येक खड्ड्याला कनेक्शन तुटायचं. आता एक मीटरच्या आतली, जाड, डेटाची आहे. ती लावूनही अधूनमधून तुटायला लागलं तेव्हा फोनचा पोर्ट टॉर्च लावून बघितला, तर आत खिशातल्या कापसाची चक्क गादी. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती काढली आणि त्रास संपला.

वायरलेसचा एक किस्सा. बायकोचा फोनही जोडून ठेवलाय. एकदा मी खाली गाडी चालू केली आणि ती जिन्यात कुणाशी तरी बोलत उतरत होती. तिचा कॉल अलगद गाडीच्या स्पीकरवर. पलीकडून मावशी सासूबद्दल जे सांगत होत्या ते मी आणि शेजारी गाडी पुसणारे काका, दोघांनी ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या फोनचं आपोआप जोडणं बंद आहे.

फोनचं अपडेट आल्यावर एकदा आठवडाभर दर दहा मिनिटांनी वायरलेस सुटत होतं. दोन्हीकडून पेअरिंग काढून नव्याने जोडल्यावर थांबलं. युनिटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून एकदाच अपडेट केलं, दिसण्यासारखा फरक काही नाही.

आवाजाबद्दल खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलं होतं. याला भुलू नका. गाडी चालू असताना मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. आत व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसेल, तर चार ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त पंचवीस-सव्वीस वॉट निघतात. पन्नास हा आकडा क्षणभराच्या उसळीचा. स्पीकर मी कंपनीचेच ठेवलेत. सीडीपेक्षा आवाज वाईट नाही, ट्रान्समीटरपेक्षा शंभर पट बरा.

आता तक्रार. माझ्या युनिटला आवाजाचा नॉब नाही. डाव्या कडेला काचेखाली अधिक-उणेची टचची चिन्हं आहेत आणि माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बटणं नाहीत. खडबडीत रस्त्यावर टोल नाक्याशी येताना आवाज कमी करायला जावं तर बोट होमवर पडतं. जुन्या स्टिरिओचा नॉब मी डोळे मिटून फिरवायचो. आजही हात तिकडेच जातो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर पडदा एक इंच लहान चालेल, नॉब असलेलंच घेईन. स्टिअरिंगवर बटणं असतील तर युनिट ती ओळखतं का आणि वेगळं अडॅप्टर लागतं का, ते आधीच विचारा.

उन्हात पडदा दिसतो, पण दुपारी मागून ऊन आलं की नकाशातली निळी रेघ शोधावी लागते. पोलराइज्ड गॉगल घालून मान तिरकी केली तर पडदा जवळजवळ काळा होतो. पहिल्यांदा वाटलं, स्क्रीन गेली.

मागचा कॅमेरा युनिटबरोबरच बसवला होता. दिवसा ठीक, रात्री पडद्यावर मुंग्या. वरच्या हिरव्या-पिवळ्या रेषा माझ्या गाडीच्या रुंदीशी जुळत नाहीत, त्यामुळे मी त्या बघत नाही, बंपरच बघतो. पावसाळ्यात लेन्सवर एक थेंब असा बसतो की मागे उभं असलेलं माणूस ढग वाटतं.

कॅमेरा तेवढा बदलायचाय. त्यासाठी डिकीचं पॅनल उघडावंच लागेल, तर त्याच वेळी मागचे स्पीकरही बदलून घ्यावेत असं डोक्यात आहे. घरी बोललो. बायको म्हणाली, “आधी टायर बघ.”