नेव्हिगेटरबाईंचा फोन आला म्हणून

सेवा: कॅन्सर सेंटरमधली पेशंट नेव्हिगेटर (उपचारात आड येणाऱ्या अडचणी सोडवून द्यायला पेशंटच्या पाठीशी असणारी मदतनीस), नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका. फी काही नाही. माझ्याकडून 5 पैकी 4.

आमच्या शेजारच्या आजी कृष्णवर्णीय, वय 71, उभा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला. स्तनातली गाठ काढल्यावर त्यांना रेडिएशन सांगितलं (आमच्याकडे सांगलीला 'लाइट घेणं' म्हणतात). सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे. अकराव्या दिवशी त्या गेल्याच नाहीत. लेकीची शिफ्ट बदलली आणि गाडी तिच्याकडे. मी भिंतीपलीकडे राहते, पण मलाही बोलल्या नाहीत.

दुपारी दोनला नेव्हिगेटरबाईंचा फोन. "का नाही आलात?" नाही, "आज काय अडचण आली?" आजी आधी "बरं नव्हतं" म्हणाल्या, मग हळूहळू गाडीचं निघालं. तो आठवडा मी नेलं. पुढच्या सोमवारपासून अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या 'रोड टू रिकव्हरी'चे स्वयंसेवक आपली गाडी घेऊन दारात, फुकट.

मला जास्त मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. काखेखालची कातडी जळत होती, पण सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, म्हणून "ठीक आहे" म्हणून परत पाठवलं होतं. नेव्हिगेटरबाईंनी डॉक्टरांना पुन्हा बघायला लावलं. मलम त्याच दिवशी मिळालं.

नेव्हिगेटरची ही पद्धत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी 1990 मध्ये सुरू केली. पुढे ग्रीन्सबरो आणि पिट्सबर्गला 'अ‍ॅक्युअर' अभ्यासात तिला संगणकाची जोड मिळाली: भेट चुकली की नेव्हिगेटरला लगेच सूचना. स्तन आणि फुफ्फुसाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये आधी 79.8 टक्के कृष्णवर्णीय आणि 87.3 टक्के गोरे रुग्ण उपचार पुरे करत. नंतर हे आकडे 88.4 आणि 89.5 झाले. औषध तेच होतं. गोऱ्यांचंही भलंच झालं.

एक गुण कापला तो शनिवार-रविवारसाठी. कातडीला फोड आले त्या शनिवारी फोनवर नुसतं रेकॉर्डिंग. दोन दिवस आजी उशीला हात टेकून बसून झोपल्या.

आईवडिलांना इथे दाखवत असाल तर पहिल्याच भेटीत विचारा, "आमची नेव्हिगेटर कोण?" आजींना पहिले दहा दिवस ती आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं.