मंचावरचा ग्रूव्हबॉक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी लॅपटॉप बाजूला ठेवून सॅम्पल (आवाजांचे ध्वनिमुद्रित तुकडे) वाजवणारा, आठ ट्रॅकचा ग्रूव्हबॉक्स, म्हणजे ठेके रचून वाजवण्याचे यंत्र, घेतला आणि त्यानंतरचे सर्व कार्यक्रम त्याच्यावरच वाजवले. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढील तक्रारी या वर्गातील बऱ्याच यंत्रांबाबत करता येतील. घेताना मी तयार आवाजांची संख्या, इफेक्ट आणि मेमरी यांचीच तुलना करत बसलो होतो. वाजवताना बिघडवलेला पॅटर्न (पुन्हापुन्हा वाजणारा ठेक्याचा तुकडा) एका झटक्यात मूळ स्थितीत आणता येतो का, हा प्रश्न मला त्या वेळी सुचलाही नव्हता, आणि मंचावर सर्वाधिक अडले ते नेमके तेथेच.

प्रत्यक्ष वाजवताना आपण पाच ट्रॅकचे फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारे नॉब) फिरवतो, किकचा म्हणजे खर्जातल्या ड्रमचा स्वर खाली आणतो, काही स्टेप (मात्रेचे पाव भाग) काढून टाकतो, आणि दोन मिनिटांनी त्या सर्व पसाऱ्यातून मूळ ठेक्यावर समेला परतायचे असते. एलेक्ट्रॉन कंपनीच्या डिजिटॅक्ट या यंत्रात यासाठी दोन बटणे एकत्र दाबली की पुरते. माझ्या यंत्रात ही सोय मेनूच्या तिसऱ्या पातळीवर असून ‘जतन करा’ आणि ‘पूर्ववत करा’ हे पर्याय एकाखाली एक आहेत. तिसऱ्याच कार्यक्रमात घाईत बोट वरच्या पर्यायावर पडले आणि तयार पॅटर्नच्या जागी त्याचे विद्रूप रूप कायमचे जतन झाले. आता प्रत्येक पॅटर्नची एक प्रत मी दुसऱ्या बँकेत (पॅटर्न साठवण्याच्या कप्प्यात) ठेवतो, त्यामुळे उपलब्ध जागा निम्मीच उरते. म्हणून यंत्र हाताळून पाहण्याची संधी मिळाल्यास आधी सर्व नॉब वेडेवाकडे फिरवावेत आणि पडद्याकडे न पाहता पॅटर्न पूर्ववत करता येतो का, ते पाहावे.

पॅटर्न बदलण्याचा प्रकारही असाच तपासण्याजोगा आहे. बहुतेक यंत्रे चालू पॅटर्न संपल्यावरच पुढच्याकडे जातात. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत 64 स्टेपचा पॅटर्न आठ सेकंदांचा असतो, तेव्हा बटण क्षणभर उशिरा दाबले तर जवळजवळ आठ सेकंद वाट पाहावी लागते, आणि श्रोते समोर असताना एवढा वेळ फार मोठा वाटतो. मी आता लांब पॅटर्न टाळून 16 किंवा 32 स्टेपचेच तुकडे करतो. ट्रॅकची लांबी वेगवेगळी ठेवता येणे हे मात्र या यंत्राचे खरे सुख आहे. सात मात्रांचा 28 स्टेपचा ट्रॅक 16 स्टेपच्या ट्रॅकवर सोडला की दोघे 112 स्टेपनंतर पुन्हा एकत्र येतात आणि तोवर ठेका सतत नवा वाटत राहतो. मात्र संपूर्ण पॅटर्नची लांबी वेगळी ठरवावी लागते. ती 16च राहिली तर मोठा ट्रॅक दर वेळी अर्ध्यात कापला जातो. हे समजायला माझा एक आठवडा गेला.

रोलंडने 1996 साली एमसी-303 या यंत्राला ग्रूव्हबॉक्स म्हटले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. पण प्रत्येक स्टेपला एक अशी 16 बटणांची रांग त्याहून जुनी, 1980च्या टीआर-808 या ताल-यंत्रावरची आहे. 1988च्या एमपीसी60 या यंत्राचे पॅड बोटांनी ठेका वाजवणाऱ्यांसाठी होते. ज्याचा हात तालवाद्यावर बसलेला आहे त्याने पॅडचे यंत्र घ्यावे, असे मला वाटते. माझा तसा बसलेला नसल्याने रांगेतील बटणेच बरी पडली, कारण अंधारातही कोणत्या स्टेपवर काय आहे ते दिव्यांवरून कळते.

ग्रूव्हबॉक्सला सिंथ (सिंथेसायझर) जोडताना माझी एक चूक झाली. मिडी क्लॉक, म्हणजे दोन यंत्रांची लय जुळवणारा संकेत, प्रत्येक मात्रेला 24 स्पंद पाठवतो, पण त्यातून स्विंग (काही स्टेप किंचित उशिरा वाजवून आणलेला झोका) जात नाही. मुख्य यंत्रावर स्विंग वाढवला आणि सिंथचा स्वतःचा सिक्वेन्सर (नोट्स क्रमाने वाजवणारा भाग) सरळच चालू राहिला, तर दोन्ही ठेके एकमेकांत अडखळतात. मी शेवटी सिंथचा सिक्वेन्सर बंद करून त्याच्या नोट्सही ग्रूव्हबॉक्सवरूनच पाठवू लागलो.

यूएसबीतून वीज घेतल्यावर ध्वनिवर्धकात बारीक गुणगुण येत असे. स्वतंत्र अ‍ॅडाप्टर घेतल्यावर ती थांबली. माझ्या यंत्रात बॅटरी नाही. एका कार्यक्रमात कोणाचा तरी पाय वायरीला लागून यंत्र बंद पडले आणि पुन्हा सुरू होऊन प्रकल्प उघडेपर्यंतच्या शांततेत मी मायक्रोफोनवर काहीबाही बोलत राहिलो. जतन न केलेले सर्व बदल अर्थातच गेले होते. आता अ‍ॅडाप्टरची वायर मी टेबलाच्या पायाला वेढा देऊन बांधतो.