रिकम्बंट की नेहमीची सायकल: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका कप्पीविषयी

मान आणि मनगटे दुखतात म्हणून ज्यांनी लांबचा पल्ला सोडला आहे, त्यांनी रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे करून चालवायची सायकल, जरूर घ्यावी. मात्र घेताना सीटच्या आधी साखळीला वळण देणारी कप्पी पाहावी. माझ्या सायकलची साखळी नुकतीच ऐन चढावर त्या कप्पीवरून घसरली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आरामाबद्दल दुमत नाही. पाठ टेकलेली असल्यामुळे अंगाचा भार पसरतो आणि हात मोकळे राहतात. समोरून वारा असताना तर नेहमीच्या सायकलशी तुलनाच नको. फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने 1933 मध्ये अशाच सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर कापून स्विस सायकलपटू ऑस्कर एगचा 1914 चा विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही रचना शर्यतींतून बाद केली. तो निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

चढाबाबतचे माझे मत मात्र वापराने बदलले. पेडलवर उभे राहून जोर लावता येत नसल्याने सुरुवातीला प्रत्येक चढ नकोसा वाटे. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवण्याची सवय लागल्यावर वेग कमीच राहिला, पण दमछाक थांबली.

आता कप्पी. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे असल्यामुळे साखळी नेहमीच्या अडीचपट लांब लागते आणि सीटखाली तिला वळण द्यावे लागते. तिची ताणलेली बाजू या कप्पीवरून जाते, म्हणजे पायाचा सगळा जोर तिथून वाहतो. एवढे काम जिच्यावर आहे ती माझ्या सायकलवर साधी, बिनदातांची प्लास्टिकची होती. तिच्यात हळूहळू खाच पडली, आधी घरघर सुरू झाली, मग बेअरिंग ढिले होऊन कप्पी कलली आणि साखळी बाजूला सरकू लागली. विक्रेत्याने संपूर्ण जोडणीच बदलावी लागेल असे सांगितले. कप्पी उघडून पाहिली, तर आतल्या बेअरिंगवर 608 हा आकडा स्पष्ट कोरलेला होता. स्केट्सच्या चाकांत बसते तेच 8 मिलिमीटर भोकाचे बेअरिंग, कुठेही मिळणारे. एवढ्याशा भागासाठी ग्राहकाला अख्खी जोडणी घ्यायला लावणे मला मुळीच पटत नाही. मी बेअरिंग बदलले, सोबत दातेरी धातूची कप्पी बसवली, आणि साखळी पुन्हा उतरलेली नाही. धातूचा आवाज थोडा जास्त येतो, तेवढे चालवून घेतो.

गर्दीच्या रस्त्यावर अजूनही मी नेहमीचीच सायकल काढतो, कारण तिच्यावरून गाड्यांच्या पलीकडचे दिसते आणि दर सिग्नलला थांबून पुन्हा निघणे सोपे जाते.