डब्यूकची १८८२ची लिफ्ट, नदीचं संग्रहालय आणि पुन्हा उघडा केलेला ओढा

शिकागोच्या आसपास मुलांकडे राहायला जाणाऱ्या पुणेकर आईवडिलांना सगळे नायगारा आणि न्यूयॉर्क दाखवतात. ते बघाच. पण एक शनिवार-रविवार राखून ठेवा आणि गाडीने तीन तासांवर, आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठावर असलेल्या डब्यूकला जाऊन या. गाव साठ हजार वस्तीचं. आपल्या एकट्या धनकवडीत याहून जास्त माणसं राहत असतील. मी शाळेत भूगोल शिकवला आणि माझं घर आंबिल ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे नदीकाठचं गाव पाण्याशी कसं वागतं हे मला कुठेही गेलं तरी बघायचं असतं. लेक, जावई, माझी आई आणि मी असे आम्ही गेलो होतो. तिथल्या तीन गोष्टींबद्दल लिहिते. त्यातली तिसरी फुकट आहे, आणि तिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट फेनलॉन प्लेस एलिव्हेटर. नाव लिफ्टचं असलं तरी ही उतारावरची छोटी दोरखंडी रेल्वे आहे. लांबी २९६ फूट, चढण १८९ फूट. खालचं स्टेशन फोर्थ स्ट्रीट संपते तिथे, डोंगराच्या पायाशी. तिथे तिकीटखिडकी नाही आणि माणूसही नाही. डब्यात शिरायचं, पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या बाकांवर बसायचं आणि दोरी ओढायची. वर इशारा जातो, वरचा चालक मोटर सुरू करतो, डबा करकरत निघतो. पैसे वर पोचल्यावर द्यायचे. रोख जवळ ठेवा. आईचे गुडघे पर्वतीच्या पायऱ्या कधीच सोडून बसलेत, पण इथे तिला फक्त डब्यात चढायचा त्रास, आणि तिथेही जावयाचा हात होता.

याचा इतिहास वरच्या घरात वाचायला मिळतो, तो वाचल्याशिवाय खाली उतरू नका. जे. के. ग्रेव्हज हे बँकवाले, गावाचे माजी महापौर आणि राज्याचे माजी सिनेटर. बँक डोंगराखाली, घर डोंगरावर. सरळ रेषेत अंतर अगदी थोडं, पण बग्गीने वळसा घालून जायला अर्धा तास आणि परत यायला अर्धा तास लागे. जेवणाची सुट्टी दीड तासाची, आणि त्यांना जेवणानंतर वामकुक्षी हवी असे. युरोपात त्यांनी उतारावरच्या रेल्वे पाहिल्या होत्या. त्यांनी गावाकडून परवानगी काढली, जॉन बेल नावाच्या अभियंत्याकडून एक डबा आणि रूळ करून घेतले, आणि २५ जुलै १८८२ रोजी त्यांच्या माळ्याने त्यांना पहिल्यांदा खाली सोडलं. ओढायला वाफेच्या इंजिनाचं रहाट होतं. सकाळी खाली, दुपारी वर, झोप झाली की खाली, संध्याकाळी वर.

१८८४ मध्ये आग लागून ते जळालं. पुन्हा बांधलं, तेव्हा शेजारीपाजारी आधीच विचारू लागले होते, म्हणून पाच सेंट घेऊन सगळ्यांना बसू द्यायला सुरुवात झाली. १८९३ मध्ये पुन्हा आग. या वेळी मंदी होती आणि ग्रेव्हज यांच्याकडे पैसा नव्हता. पण तोवर वरच्या वस्तीतल्या लोकांचं कामाला, शाळेत आणि चर्चला जाणं या डब्यावर अवलंबून झालं होतं. मग दहा शेजाऱ्यांनी मिळून कंपनी काढली. शिकागोला त्याच वर्षी भरलेलं जागतिक प्रदर्शन बघायला गेले आणि तिथून ट्रामची मोटर, पोलादी दोर आणि फिरतं फाटक यांची कल्पना घेऊन आले. एकाऐवजी दोन डबे केले. एक उतरतो तेव्हा त्याचं वजन दुसऱ्याला वर ओढायला मदत करतं, मोटरला फक्त दोन्हींच्या वजनातला फरक आणि घर्षण सांभाळावं लागतं. रूळ तीनच, मधला दोघांना सामाईक, आणि निम्म्या वाटेवर तो दुभंगतो म्हणजे डबे एकमेकांना ओलांडून जातात. तो क्षण चुकवू नका, समोरच्या डब्यातली माणसं हात हलवतात.

ही व्यवस्था सरकारची नव्हे, परोपकाराचीही नव्हे. रोज वापरणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी वर्गणी काढून उभी केली, आणि ती आजही चालते. पुण्यात अशा कामाला गल्लीतली मंडळं पुरी पडतील, हे मला मनापासून वाटतं.

वरच्या सज्जातून आयोवा, इलिनॉय आणि विस्कॉन्सिन ही तिन्ही राज्यं दिसतात. जावई म्हणाला, "आजी, ती समोरची झाडी दुसऱ्या राज्यातली." आई म्हणाली, "नदीला काय ठाऊक?" आणि बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली.

आता गावाबद्दल थोडं, म्हणजे संग्रहालयात गेल्यावर सगळं जुळेल. ज्यूलियन डब्यूक हा फ्रेंच-कॅनेडियन माणूस. इथे शिसं होतं, आणि ते मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं होतं. खोदायचं काम मुख्यतः त्यांच्या बायका करत. १७८८ मध्ये मेस्क्वाकींनी त्याला खाणी चालवायची परवानगी दिली. तो १८१० मध्ये वारला, नदीकाठच्या कड्यावर त्याच्या थडग्यावर दगडी बुरूज आहे. पण मेस्क्वाकींचं पुढे काय झालं हे कुणी आपणहून सांगत नाही, ते विचारावं लागतं. मूळ रहिवासी आणि अमेरिकी सरकार यांच्या १८३२च्या युद्धानंतर त्यांची जमीन गेली आणि १८३३ मध्ये वसाहतवाले आत आले. १८५७ मध्ये मेस्क्वाकींनी आयोवातच टामा परगण्यात पैसे मोजून जमीन विकत घेतली, आणि ते आजही तिथे राहतात. गावाला नाव मिळालं डब्यूकचं, हे विसरून चालणार नाही.

शिशाच्या काळाची खूण म्हणजे काठावरचा १८५६चा छर्ऱ्यांचा मनोरा. वरून वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतात आणि खाली पाण्यात थंड होतात. पुढे लाकूड आलं: उत्तरेच्या जंगलातले ओंडके नदीवरून वाहून यायचे आणि इथल्या गिरण्यांत दारं-खिडक्या व्हायच्या. त्या लालविटांच्या अवाढव्य इमारतींत आता घरं आणि कचेऱ्या आहेत. मग ट्रॅक्टर कारखाना आणि खाटीककाम, आणि १९८२च्या सुमारास बेकारीचा तडाखा असा की देशात सर्वांत वाईट आकडा या गावाचा होता, २३ टक्के.

दुसरी गोष्ट नॅशनल मिसिसिपी रिव्हर म्युझियम अँड अक्वेरियम. २००३ मध्ये आइस हार्बर या बंदिस्त खाडीवर उघडलं. हिवाळ्यात नदी गोठते तेव्हा बोटी इथे येऊन थांबत. माशांच्या टाक्या मुलांना आवडतात, मी फार वेळ घालवला नाही, फक्त पॅडलफिश बघा: वल्ह्यासारखं लांब थोबाड, आणि खातो ते डोळ्यांना न दिसणारं तरंगतं खाद्य. खरी चीज बाहेर पाण्यावर उभी आहे, १९३४ची 'विल्यम एम. ब्लॅक' ही वाफेवरची गाळ काढणारी बोट. तिच्या आत हिंडता येतं. इंजिनाची खोली, खलाशांच्या खाटा, स्वयंपाकघर. एवढ्या माणसांचं जेवण इतक्या अरुंद ओट्यावर कसं व्हायचं याचा आई हिशेब करत होती. या गावात बोटी नुसत्या येत-जात नव्हत्या, बनतही होत्या. समुद्रापासून एवढ्या आत असूनही आरमाराची 'एरिक्सन' ही टॉर्पेडो बोट १८९४ मध्ये इथे पाण्यात उतरली, आणि 'स्प्रेग' ही प्रचंड वाफबोट १९०१ मध्ये इथेच बांधली.

संग्रहालयातून निघालात की ईगल पॉइंट पार्कला जा. टेकडीवरून धरण क्रमांक ११ आणि त्याचा जलपाश, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारा दारांचा हौद, दिसतो. १९३७ पासून चालू आहे. पंधरा बार्जची, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट मालबोटींची, माळ एका बोटीने ढकलत आणलेली असते, पण जलपाश ६०० फुटांचा, त्यात ती मावत नाही. मग माळ मध्येच सोडतात, आधी अर्धी वर-खाली करतात, मग उरलेली, आणि पुन्हा जोडतात. मक्याचं, सोयाबीनचं धान्य असं हळूहळू दक्षिणेला जातं. मुलांना भूगोलाच्या पुस्तकातून शिकवायला मला याची आकृती काढावी लागायची, इथे ते समोर घडतं. कडक थंडीत धरणाखालचं पाणी गोठत नाही म्हणून गरुड मासे पकडायला जमतात.

खाण्याचं थोडक्यात. शनिवारी सकाळी सिटी हॉलभोवती बाजार भरतो, मे ते ऑक्टोबर, आणि तो १८४५ पासून चालू आहे, म्हणजे आपल्या मंडईच्या १८८६च्या इमारतीहूनही जुना. गोड मका, टोमॅटो आणि मध घ्या. गावची खासियत मसाला घातलेल्या टर्की मांसाचं सँडविच आहे. शाकाहाऱ्यांनी घरून पराठे नेलेले बरे.

आणि तिसरी गोष्ट. ती बघायला जायचं असं कुणी सांगत नाही, मी सांगते.

२६ एप्रिल १९६५ रोजी मिसिसिपी इथे २६.८ फुटांपर्यंत चढली. बर्फ वितळून वरून येणारं पाणी, म्हणून अंदाज आधी कळला होता, आणि गावकरी वाळूची पोती भरत होते. त्यानंतर गावाने भिंत आणि बांध बांधले, साधारण दहा किलोमीटरचे, १९७३ पर्यंत पूर्ण झाले. आईला मी हे वाचून दाखवलं. पानशेत धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ला, ती पुण्यात शनिवार पेठेत होती, शाळकरी. "आम्हाला दिवस कुठे मिळाले," ती म्हणाली, "पाणी आलं असं ओरडत माणसं पळत आली, तेव्हा पाणी गल्लीत होतं." भिंतीकडे बघत तिने विचारलं, "मग आता यांना पूर येत नाही?"

येतो. मागून येतो. गावाच्या उत्तरेकडच्या सखल वस्तीतून बी ब्रँच नावाचा ओढा वाहायचा. शंभरेक वर्षांपूर्वी तो भूमिगत नळात घालून वर रस्ते आणि घरं केली. पाऊस जोराचा पडला की नळ पुरत नाही, झाकणं उडून पाणी तळघरांत. २०११च्या जुलैमध्ये एका रात्रीत दहा इंचांहून अधिक पाऊस झाला. १९९९ ते २०११ या बारा वर्षांत सहा वेळा राष्ट्राध्यक्षांनी तिथे आपत्ती जाहीर केली होती. गावाने ठरवलं की ओढा उघडा करायचा. वाटेतली घरं पैसे देऊन विकत घेतली आणि ओढ्याला पुन्हा काठ आणि पसरायला जागा दिली. वरचा भाग २०१७ मध्ये खुला झाला. जवळच्या गल्ल्यांत पाणी मुरेल अशा विटा बसवत आणल्या आहेत. आता तिथे चालायची वाट आहे, बसायला पायऱ्या आहेत, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया आहेत. आम्ही गेलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं आणि काठ मात्र चांगले रुंद. ती रिकामी रुंदी बघून मला बरं वाटलं. ती पुराची जागा आहे, आणि ती जागा कुणी विकायला काढली नाही.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात आमच्या भागात जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना पुढचं सांगायला नको. आंबिल ओढा कात्रजकडून येतो, वाटेत त्याच्या अंगावर किती भिंती आणि किती स्लॅब आले ते आपण रोज बघतो. नागझरी तर पेठांतल्या कित्येकांना ओढा म्हणून माहीतच नाही. डब्यूक श्रीमंत गाव नाही, हे वर सांगितलंच. घरं घेताना तिथेही लोक रडले असतील, आणि विरोध झाला असेल, पण काम पुरं झालं. नगरसेवकांनी, अभियंत्यांनी परदेश दौऱ्यात हा ओढा चालत बघावा, एवढी माझी विनंती.

जायचं तर मे ते ऑक्टोबर. लिफ्ट हिवाळ्यात बंद असते. गाडी हवीच, कारण प्रवासी रेल्वे या गावाला जात नाही. शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोचा, शनिवारी सकाळी बाजार आणि लिफ्ट, दुपारी संग्रहालय, ऊन उतरल्यावर बी ब्रँच. रविवारी धरण बघून परत निघा, वाटेत गलीना लागतं, तिथे यादवी युद्धातले सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल ग्रँट यांचं घर आहे, तासभर पुरे. ज्यांना फक्त उंच इमारती आणि खरेदी हवी त्यांनी येऊ नये. आजी-आजोबांना मात्र नक्की न्या.